आपली ती, साइटवरची वाळू

तानाजी गेल्याचं मला ऑफिसच्या पार्किंगमध्ये कळलं. गाडी लावत होतो, फोन थरथरला आणि आमच्या रग्बीच्या जुन्या ग्रुपवर ब्रायनचा मेसेज दिसला. टॅनी गेला. सुट्टीवर होता, गावी, सकाळी अंघोळ करून अंगणात बसला आणि बसल्या जागी हार्ट अटॅक. मी गाडीतच बसून राहिलो. दुपारपर्यंत त्या ग्रुपवर ऐंशीच्या वर मेसेज आले होते. इंग्लंडहून, लेबनॉनहून, न्यूझीलंडहून, जी माणसं वर्षानुवर्षं ग्रुपवर फिरकली नव्हती त्यांचेसुद्धा. कुणी फोटो टाकले, कुणी रडल्याचं लिहिलं... आणि मी ते सगळे वाचत असताना माझ्या मनात काय आलं, तर मी गेलो तर किती येतील? खोटं कशाला बोलू. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झालोय, मित्र गेलाय, आणि मी मेसेज मोजतोय. पण तानाजी शेवाळे या माणसाबद्दल मला जे काही वाटत आलं त्यात हेवा इतका मुरलेला आहे, की तो वगळून लिहायला बसलो तर अर्ध्या पानात संपेल.

आधी तो कोण होता ते सांगतो. दुबई मरीनात आम्ही एक टॉवर बांधत होतो. मी तिथे क्वालिटी इंजिनिअर होतो, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी येईल त्याचे नमुने तपासायचे आणि बहुतेक वेळा नापास करून सप्लायरच्या शिव्या खायच्या. तानाजी कऱ्हाडजवळच्या एका गावचा, टाइल्सच्या कामाचा फोरमन. वडील गवंडी, आजोबा गवंडी. बायको शारदा आणि मुली गावी, हा इथे अल कूझला कंपनीच्या खोलीत. ब्रायन आमचा सेफ्टी ऑफिसर, उत्तर इंग्लंडचा, लालबुंद चेहऱ्याचा, पन्नाशीचा गडी. त्याने हौशी लोकांची रग्बी लीगची टीम काढली होती. हा तेरा जणांचा खेळ. अंडाकृती चेंडू हातात घेऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवायचा, समोरचे तुम्हाला धरून पाडणार, सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. रेषेपलीकडे टेकवला की चार गुण, आणि मग लाथ मारून तो चेंडू एच आकाराच्या खांबांमधून, आडव्या दांड्याच्या वरून घालवला की आणखी दोन. ही लाथ मारणारा माणूस ठरलेला असतो, आणि दीड सीझन तो माणूस मी होतो. पुण्यात कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये खेळलेलो, पाय बरा होता. दहातले सहा जायचे. आयुष्यात पहिल्यांदाच लोक माझ्यासाठी शांत उभे राहून बघत होते. मेधा, माझी बायको, म्हणायची, शुक्रवारी तू फार लवकर उठतोस हल्ली. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची.

आता ऐका. तानाजीला त्या मैदानावर मी नेलं, हे मी मुद्दाम सांगतो, कारण ते कुणाच्याही लक्षात राहिलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या मागे पोरं कबड्डी खेळायची आणि हा एकटा तिघांना कमरेत धरून ठेवायचा. मी ब्रायनला कौतुकाने सांगितलं. ब्रायन म्हणाला, घेऊन ये, यल्ला! इथे घाई करायला सगळेच अरबीतलं हे 'चल चल' वापरतात. पुढच्या शुक्रवारी तानाजी माझ्या गाडीतून आला, माझे जुने बूट घालून. बूट एक नंबर मोठे होते म्हणून पुढे कागदाचे बोळे. त्याला फुलबॅकला उभा केला. फुलबॅक म्हणजे सगळ्यांच्या मागे एकटा उभा असलेला शेवटचा माणूस. कोणी सगळ्यांना चुकवून आला, तर तो आणि रेषा यांच्यामध्ये एवढा एकच. एक सहा फुटी किवी, न्यूझीलंडचा गडी, सगळ्यांना झटकत आला. तानाजीने गुडघ्यात वाकून त्याची पकड केली आणि पोतं ठेवावं तसा हळूच खाली ठेवला. मैदानावर मग जो काही आरडाओरडा... मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. त्या दिवशी अजून मला काही कळलेलं नव्हतं.

कळलं महिन्याभराने. सरावानंतर मी गोल मारत होतो, हा बाजूला उभा राहून खांबांकडे एक डोळा मिटून बघत होता. म्हणाला, "साहेब, त्यो डावीकडचा खांब वळंब्यात न्हाय." मी हसलो. म्हटलं, तानाजी, ही भिंत नाहीये. पण चैन पडेना, म्हणून सोमवारी साइटवरून ओळंबा नेऊन खांबाला लावून पाहिला. बोटभर कलला होता! त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "व्हय की. म्हणून तर तुमची डावीकडं जात्यात." म्हणजे माझे चार का चुकतात हे त्याला कळलेलं होतं. मग म्हणाला, मी एक मारून बघू का? माझ्या नारिंगी प्लास्टिकच्या स्टँडवर चेंडू ठेवला, पायाने चाचपला आणि नको म्हणाला, हे प्लास्टिक पायाला लागतंय, वाळू मिळंल का थोडी? कडेला दुरुस्तीसाठी टाकलेल्या ढिगातली मूठभर वाळू आणून त्याने तिची ढिगली केली, थापली, त्यावर चेंडू टेकवला आणि सात पावलं मागे गेला. ब्रायन तर वेडाच झाला. त्याच्या लहानपणी तिकडचे खेळाडू असाच वाळूवर चेंडू ठेवून मारायचे म्हणे! डोळ्यांत पाणी त्या माणसाच्या. तानाजी तोंडाने काहीतरी पुटपुटत आला आणि चेंडू दोन्ही खांबांच्या बरोबर मधून गेला. दुसरा गेला. पाचवा गेला. मी स्टँड उचलून बॅगेत टाकला आणि तो परत कधी बाहेर काढला नाही.

त्याच्या पुटपुटण्याची तर दंतकथाच झाली. गोरे लोक म्हणायचे, टॅनी मंत्र म्हणतो. समोरच्या टीमवाले घाबरायचे. एकदा एका लेबनीज खेळाडूने मला अदबीने विचारलं, हबीबी, ही तुमची कुठली प्रार्थना? मी जवळ जाऊन ऐकलं होतं. वकट, लेंड, मूंड, नाल... विटीदांडूतली मोजणी! एका पावलाला एक, सातव्याला झक्कू, की लाथ. मी सगळ्यांना सांगून टाकलं, अहो, पोरांचा खेळ आहे तो, मंत्रबिंत्र काही नाही. मला वाटलं, हवा जाईल. उलट झालं. पुढच्या मॅचला अख्खी टीम कडेला उभी राहून मोडक्यातोडक्या उच्चारात वकट, लेंड करत होती. माझा मुलगा ईशान घरी सोफ्यावरून लाथा मारताना तेच म्हणायचा. मी त्याला म्हटलं, अरे, बाबापण मारायचा गोल. तो म्हणाला, "आय नो बाबा, पण तानाजी अंकल इज लाइक, प्रॉपर." प्रॉपर! आठ वर्षांचं कार्टं.

आणि मला काम काय उरलं, तर वाळू. मैदानाच्या कडेची वाळू संपली, कुणीतरी आणायला हवी, आणि वाळूतलं कळतं कुणाला, तर मला. इथे राहून कुणाला पटत नाही, पण वाळवंटातली वाळू कशालाच कामाची नसते. वाऱ्याने घासून घासून तिचा कण गोल आणि गुळगुळीत झालेला असतो. एकमेकाला धरत नाही. पाणी शिंपडलं तर वरून पापडी धरते आणि आतून सरकते. म्हणून एवढ्या वाळवंटात बसून आम्ही बांधकामाला वाळू बाहेरून आणतो, धुतलेली, टोकदार कणाची. ती मी साइटवरून एका श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून न्यायचो. तानाजी झाकण उघडायचा, चिमूटभर घ्यायचा, अंगठा आणि बोटात चोळायचा आणि म्हणायचा, "बरं." कितीतरी शुक्रवार मी राखीव खेळाडू म्हणून कडेला डबा घेऊन उभा राहिलो. ब्रायन ओरडायचा, अविनाश, सँड, यल्ला! की मी पळत आत. डबा द्यायचा, पळत बाहेर. तानाजी मला नेहमी साहेबच म्हणायचा, साइटवरही आणि मैदानावरही. एखाद्याने चिडवायला म्हणावं तसं ते कधी वाटलं नाही, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

आता मुख्य गोष्टीवर येतो. ही मी आजवर मेधालाही सांगितलेली नाही, ती हे वाचेल तेव्हाच तिला कळेल. ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये आपल्या मराठी मंडळींचा गुढीपाडव्याचा कार्यक्रम होता. त्यात तानाजीचा सत्कार ठेवला, परदेशी खेळात आपला मराठी माणूस वगैरे. त्याची ओळख करून द्यायला मला बोलावलं. मी दोन दिवस बसून भाषण लिहिलं, त्यात त्याला मैदानावर कुणी आणलं हेही सौम्य शब्दांत घातलं. तर सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझं नाव पुकारताना काय म्हणावं? "आता बोलतील तानाजीरावांचे सहकारी, ज्यांच्याकडे टीममध्ये वाळूचं खातं आहे ते अविनाशजी!" हॉल खदाखदा हसला. पहिल्या रांगेत मेधा बसलेली, तीही हसली, आणि सगळ्यांचं थांबल्यावरही तिचं चालूच होतं. तानाजी मात्र हसला नाही. शाल पांघरून मान खाली घालून बसला होता बिचारा, कानापर्यंत लाल झालेला. मी भाषण केलं, त्यातलं ते वाक्य गाळलं आणि खाली आलो. अंगाची नुसती आग होत होती.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी फायनल होती. गुरुवारी साइटवरून निघालो तेव्हा डबा रिकामाच गाडीत होता. सिलिकॉन ओएसिसला घराकडे वळायच्या आधी एका बाजूला मोकळं वाळवंट आहे. तिथे गाडी थांबवली, उतरलो, ऑफिसच्या बुटांनी आत चालत गेलो आणि ती लालसर, पिठासारखी वाळू डब्यात भरली. झाकण लावलं. मी काय करतोय ते मला नीट ठाऊक होतं. अहो, तोच तर माझा धंदा! ही वाळू कुणी साइटवर आणली असती, तर मी ट्रक गेटवरून परत पाठवला असता.

फायनलला शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही पाचने मागे होतो. मग आमच्या एकाने कोपऱ्यात चेंडू टेकवला. एकने मागे, आणि आता तानाजीची लाथ. गेली तर कप आमचा. ब्रायनची हाक आली, सँड! मी पळत गेलो. तानाजीने झाकण उघडलं, चिमूट घेतली, चोळली... नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ चोळली, की मला तसं वाटलं? त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "बरं." पाण्याची बाटली मागून थोडं शिंपडलं, ढिगली केली, दोनदा थापली, चेंडू ठेवला. मी बाहेर आलो. पोरं कडेला ओरडायला लागली, वकट... लेंड... मूंड... आणि सातव्या पावलाला, अगदी त्या क्षणाला, मला दिसलं, दुसऱ्या कुणाला दिसणं शक्य नव्हतं, की ढिगली खालून सरकली आणि चेंडू दोन बोटं कलला. तरी तो गेला वर. डाव्या खांबाला लागला. ठण्ण असा आवाज आला आणि चेंडू बाहेर पडला.

हरलो. सगळे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. कुणीतरी म्हणालं, वाळू नीट नव्हती का? ब्रायनने त्याला उडवून लावलं, आपण वाळवंटात उभे आहोत मित्रा, वाळू ती वाळू. तानाजी माझ्याजवळ आला, घामाने थबथबलेला. म्हणाला, "साहेब, मापात चुकलो." डबा परत द्यायचं तो विसरला, मीही मागितला नाही. नव्या सीझनच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "साहेब, वाळू आणताय नव्हं? आपली ती, साइटवरची." बस, एवढंच. साइटवरची! हा शब्द तो कधीच वापरत नसे, नुसतं वाळू म्हणायचा. मी दुसरा श्रीखंडाचा डबा रिकामा करून घेतला, साइटवरची वाळू नेली आणि त्यानंतर तो खेळत होता तोवर एकदाही चुकलो नाही. त्याला कळलं होतं का? पुढची सात-आठ वर्षं हा एकच प्रश्न मला होता. कळलं नसेल, तर मी सुटलो. कळलं असेल, तर मग तो गप्प का?

तो अकरा सीझन खेळला. कप दोनदा जिंकला, गुडघा एकदा तुटला, आमच्यातला सर्वांत जास्त गुण करणारा तोच राहिला. शेवटी शेवटी पळणं कमी झालं होतं, पण मागे उभा असला की बाकीचे निर्धास्त असायचे. मी मध्येच कधीतरी पाठीचं कारण सांगून खेळणं सोडलं, वाळू मात्र सोडली नाही. यंदा सुट्टीवर जायच्या आधी तो मला भेटला. अल कूझच्या कॅफेटेरियात आम्ही चहा घेत होतो. मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "तानाजी, ती पाडव्यानंतरची फायनल आठवते का रे..." त्याने हात वर केला. "खलास झालं ते, साहेब. चहा गार होतोय." आणि धाकटीच्या बारावीचं सांगायला लागला. मी म्हटलं, परत आला की बोलू, इन्शाल्ला. तीच शेवटची भेट.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी शारदावहिनींचा फोन आला. रडून झालेल्या माणसाचा आवाज होता. "भाऊजी, त्यांची पेटी तेवढी पाठवाल का? ते म्हणायचे, काही झालं तर साहेबांना सांग, साहेब सगळं नीट करत्यात." मी अल कूझला गेलो. त्याचा खोलीतला सोबती सावंत, राजापूरकडचा, पेटी काढून बसलाच होता. कपडे, बूट, मुलींचे फोटो, पाडव्याची ती शाल. तळाशी श्रीखंडाचा डबा. झाकणावर चिकटपट्टी. मी ती सोडवली आणि आत बोट घातलं. लालसर, पिठासारखी. दुसरी असणं शक्यच नव्हतं. मी खालच्या बंकवर बसलो.

सावंत म्हणाला, "ती होय? त्या फायनलची ती. मी कितीदा म्हटलं टाकून दे, ऐकेल तर शपथ." मी विचारलं, काय म्हणायचा तो? "म्हणायचा, साहेबांनी एकदाच चुकीची वाळू आणली. हातात घेतली तेव्हाच समजलं म्हणाला, गवंड्याचा पोर तो." मी म्हटलं, मग त्याने दुसरी का नाही मागितली? प्लास्टिकचा स्टँड का नाही मागितला? सावंत माझ्याकडे बघून मग दुसरीकडे बघायला लागला. म्हणाला, "मीपण हेच विचारलं. तर म्हणाला, आधीच्याच आठवड्यात हॉलमध्ये सगळे साहेबांना हसलेले. परत मैदानात सगळ्यांसमोर कुठे..." मग सावंत हसला. "आणि दुसरं काय म्हणाला सांगू? म्हणाला, वाटलेलं ह्या वाळूवरनंपण घालवीन. लय माज आलेला मला, म्हणाला. नाय गेली."

एवढं ऐकून माणसाने रडावं, पाया पडावं, सुटल्यासारखं वाटावं. मला तसं झालं नाही. मला त्याचा हेवा वाटला, पूर्वीपेक्षा दसपट. एक तर मला वाचवायचं म्हणून तो गप्प राहिला, कप घालवला, चुकलो म्हणून दोष स्वतःवर घेतला. आणि वर ती वाळू ओळखून, बोटात चोळून, तिच्यावरूनही घालवू असं त्याला वाटलं! मला अख्ख्या आयुष्यात कशाबद्दल तरी इतकी खात्री वाटली आहे का? पेटी मी पाठवली. वहिनींना फोन करून सगळं खरं सांगितलं, वाळू मी बदलली होती, मुद्दाम. त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय, भाऊजी. तुम्ही जेवलात का?" डबा तेवढा मी ठेवून घेतला, तो त्यांना विचारूनच.

मागच्या शनिवारी पहाटे मी त्या मैदानावर एकटाच गेलो होतो. खांब नवे बसवलेत, दोन्ही ओळंब्यात आहेत, मी बघितलं. कोपऱ्यातली ती जागा पावलं मोजून काढली. डबा उघडला, पाणी शिंपडलं, ढिगली केली, थापली. चेंडू ठेवायला जातो तर ढिगली बसली. पुन्हा केली, पुन्हा बसली. पंधरा वेळा तरी केली असेल. कधी चेंडू मी हात काढायच्या आत पडायचा, कधी मी चार पावलं मागे जाईपर्यंत. एकदा कसाबसा उभा राहिला, तेव्हा मी वकट, लेंड करत धावत आलो आणि लाथ मारली. चेंडू घसपटत गेला आणि खांबांपर्यंतच्या निम्म्या अंतरावरसुद्धा पोचला नाही. वाळू परत डब्यात भरली, सांडलेलीसुद्धा बोटांनी गोळा करून. आता येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहे. त्याची निदान खांबाला लागली होती.